केमो चालू असताना चालत राहणं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडणं: एकवीस दिवसांच्या कागदावर कसं बसवायचं

डोंबिवलीहून परळच्या कॅन्सर हॉस्पिटलला मी जवळजवळ सात महिने ये-जा केली. आधी ब्रेस्टचं ऑपरेशन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग लाल औषधाचे चार केमो दर एकवीस दिवसांनी, मग दर आठवड्याला पॅक्लीचे (पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध) बारा, आणि शेवटी रेडिएशनचे पंधरा दिवस. या सगळ्या काळात भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचं, "तू फक्त आराम कर". आणि मी पहिल्या केमोनंतर खरंच नऊ दिवस नुसती पडून राहिले. दहाव्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना पाय लटपटायला लागले तेव्हा कळलं की ही सगळी अशक्तपणाची कमाल केमोची नाहीये, अर्धी तर पडून राहण्याची आहे.

मग दुसऱ्या टोकाला गेले. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून दोन दिवस वॉर्डात ओळख झालेल्या बायकांसाठी इकडेतिकडे पळापळ केली आणि पुढच्या केमोला काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) इतका कमी आला की तारीख आठवडाभर पुढे गेली. आता माझ्या पळापळीमुळेच काउंट पडला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला धडा मिळाला. व्यायाम असो नाहीतर दुसऱ्याला मदत, दोन्हीचा डोस असतो आणि तो डोस साध्या कॅलेंडरवर ठरवायचा नाही, केमोच्या सायकलवर, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतच्या दिवसांवर ठरवायचा. हे मी कसं बसवलं ते इथे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे, त्यामुळे जिथे आकडे आहेत तिथे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा, तुमचं औषध वेगळं असेल तर दिवसही वेगळे पडतील.

आधी डॉक्टरांकडून पाच उत्तरं लिहून घ्या

ओपीडीत नंबर लागतो, आत जेमतेम काही मिनिटं मिळतात आणि बाहेर आलं की विचारायचं होतं तेच राहिलेलं असतं. म्हणून प्रश्न घरूनच वहीत लिहून न्या आणि सोबतच्या माणसाला उत्तरं लिहायला सांगा.

एक, माझ्या औषधाचा हृदयावर परिणाम होतो का, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कसा आहे, चालण्याची काही मर्यादा आहे का. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याच्यासाठी हे विचारायलाच हवं. दोन, हाडांमध्ये आजार आहे का. असेल तर पुढे वाकणं, कमरेतून पिळणं, उड्या, वजन उचलणं हे सगळं फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करायचं नाही, हाड मोडू शकतं. तीन, औषध सोडायला छातीत बसवलेलं पोर्ट किंवा हातातली लाईन (नळी) आहे तर तो हात किती हलवायचा. चार, माझा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती असताना मी व्यायाम थांबवायचा. साधारणपणे हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजाराच्या खाली गेले तर दमवणारं काही करू नका असं सांगतात, पण तुमच्यासाठी नेमका आकडा कोणता ते त्यांच्याच तोंडून घ्या. पाच, रात्री ताप आला तर कुठे यायचं, कुठल्या नंबरवर फोन करायचा.

हे पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप म्हणजे वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, सरळ हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन काही तासांत वाढतं. थर्मामीटर उशीपाशी ठेवा.

मग एकवीस दिवसांचा कागद करा

जुन्या वहीचं मधलं पान घ्या, एक ते एकवीस आकडे घाला. केमोचा दिवस म्हणजे पहिला. हा कागद फ्रीजवर लावायचा, घरातल्या सगळ्यांना दिसला पाहिजे, म्हणजे तुम्हाला प्रत्येकाला वेगळं समजावत बसावं लागत नाही.

पहिले पाच-सहा दिवस मळमळ, तोंडाची चव गेलेली, काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर हाडं ठणकतात. या दिवसांत व्यायाम म्हणजे फक्त उठणं. मी हॉल ते किचन ते गॅलरी अशा फेऱ्या मारायचे, पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी, पाच संध्याकाळी. एवढंच. आणि मदत म्हणून काहीही नाही, फोनसुद्धा सायलेंटवर.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. गंमत अशी की नेमकं याच वेळेस अंगात थोडी तरतरी येते आणि माणूस बाजारात, लग्नाला, आरतीला जातो. जाऊ नका. चालायचं तर घरात, गच्चीवर किंवा सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर, गर्दी नाही, जिम नाही, मातीत हात घालून बागकाम नाही. मदत करायची तर फोनवरून, बसल्या जागेवरून.

पंधरा ते एकवीस हा आठवडा तुमचा. चालणं वाढवायचं, जिथे प्रत्यक्ष जायचंय ते याच दिवसांत. पण एकविसाव्या दिवशी काहीही ठरवू नका, ब्लड टेस्ट आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाची तयारी असते.

दर आठवड्याचं औषध असेल तर हा कागद चालत नाही. पॅक्लीमध्ये मला असे चढउतार नव्हते पण थकवा साचत गेला, आठव्या-नवव्या डोसला तळपाय आणि बोटं बधिर व्हायला लागली. तेव्हा मी सात दिवसांचा छोटा कागद केला, केमोनंतरचे दोन-तीन दिवस रिकामे आणि बाकीचे चालण्याचे. बधिरपणा असेल तर घरातही बंद चप्पल किंवा बूट घालून चाला, अनवाणी नाही, कारण टाचेत काही रुतलं तरी कळत नाही, आणि जिना उतरताना कठडा धरायचा. पोटाच्या कॅन्सरवाल्यांना ऑक्सालीप्लॅटिन देतात, त्यात गार वस्तूला हात लावला तरी मुंग्या येतात, त्यांनी थंडीत पहाटे बाहेर पडू नये, ऊन आल्यावर निघावं.

चालणं: किती, कसं, कधी थांबायचं

उपचार चालू असताना व्यायामाने थकवा, चिंता कमी होते, अंगातली ताकद टिकते, हे आता कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. ढोबळ आकडा असा सांगतात की आठवड्यातून तीन दिवस तीस-तीस मिनिटं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. हा आकडा वाचून घाबरू नका, मला तिथे पोचायला तिसरा केमो उजाडला. दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात.

वेग कसा ओळखायचा तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर फार हळू चालताय, आणि एक वाक्य बोलताना मधे श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त होतंय. यासाठी कुणीतरी सोबत असलं की बरं. माझ्या सासूबाई पहिले दोन महिने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांनाच म्हटलं, आई तुम्ही माझ्याबरोबर चला, मी दमले तर तुम्ही मला परत आणा. त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे वेग आपोआप बरोबर राहिला, आणि त्यांची भीतीही गेली. घरच्यांना नुसतं "मला जमतंय" सांगून पटत नाही, त्यांना काहीतरी काम द्यावं लागतं.

ताकदीसाठी काही विकत आणायचं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आठ वेळा. भिंतीला हात टेकून भिंत ढकलायची, आठ वेळा. टाचा उचलायच्या, ओट्याला धरून. अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन कोपरातून वाकवायची. दोन दिवस सलग नको, मधे एक दिवस सोडून.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे बायका सगळ्यात जास्त घाबरतात. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, म्हणून कित्येक जणी तो हात पोटाशी धरून ठेवतात आणि खांदाच आखडून बसतो. ऑपरेशनच्या जागची पाणी काढायची नळी निघाल्यावर आणि फिजिओने सांगितल्यावर भिंतीसमोर उभं राहायचं, दोन बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं वर चढायचं, जिथे ओढ बसेल तिथे थांबून पेन्सिलने खूण करायची आणि तारीख टाकायची. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर अजून त्या खुणा आहेत, पहिली माझ्या हनुवटीच्या उंचीवर आणि सहा आठवड्यांनी शेवटची डोक्याच्या वर हातभर. वजन उचलल्याने हात सुजतोच असं पूर्वी मानायचे, पण हळूहळू, देखरेखीखाली वजन वाढवलं तर तसं होत नाही हे २००९ आणि २०१० च्या अभ्यासांत दिसलं. याचा अर्थ पाण्याने भरलेली बादली एकदम उचला असा नाही. शून्यापासून सुरू करायचं, अंगठी किंवा बांगडी घट्ट वाटायला लागली, हात जड वाटला तर थांबून दाखवायचं.

घरकाम मोजायचं का? मी मोजलं. कपड्यांच्या घड्या, ओटा पुसणं, बसून भाजी निवडणं हे हलकं काम, पहिल्या आठवड्यातसुद्धा जमेल तसं. भाकरी थापायला खांदा चांगला मोकळा होतो पण तव्याजवळ चटका बसायची भीती असते आणि बोटं बधिर असताना चटका कळत नाही, म्हणून पॅक्लीच्या काळात मी तवा दुसऱ्याला दिला.

चक्कर, छातीत दुखणं किंवा धडधड, ताप, कुठूनही रक्त येणं, हाडात नवीन दुखणं, दिवसभर उलट्या किंवा जुलाब, एक पाय अचानक सुजणं. यातलं एकही असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, फोन डॉक्टरांना. रेडिएशन चालू असताना घाम साचेल असे घट्ट कपडे नको, सैल सुती घाला, आणि पोहणं बंद.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. २०२५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास आला, ८८९ पेशंट होते, ऑपरेशन आणि केमो संपल्यावर ज्यांच्याकडून तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करून घेतला त्यांच्यात पाच वर्षांनी आजार न उलटलेले साधारण ८० टक्के होते आणि ज्यांना फक्त माहितीची पुस्तिका दिली त्यांच्यात ७४ टक्के. मला हे वाचून फार बळ आलं. पण नीट बघा, या सगळ्यांनी आधी ऑपरेशन आणि केमो पूर्ण घेतली होती. व्यायाम उपचाराच्या सोबत आहे, उपचाराच्या जागी नाही. चालतोय, प्राणायाम करतोय म्हणून केमो सोडलेली माणसं मी बघितलीत, कृपा करून असं करू नका.

आता दुसऱ्यांसाठी: आधी रक्ताचं

आपल्याला स्वतःला रक्त देता येत नाही, हे पहिलं. पण रक्त जमवायचं काम खाटेवर बसून होतं आणि त्याची गरज रोजची आहे. ब्लड कॅन्सरच्या पोरांना प्लेटलेट सारखे लागतात आणि प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या मोठ्या शिबिराचा आज उपयोग होत नाही. परभणीहून, बुलढाण्याहून आलेल्या बापाला मुंबईत ओळखीचं कुणी नसतं, तो दाते आणणार कुठून. त्यात ज्या मुलाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट व्हायची शक्यता असते त्याला रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त सहसा देत नाहीत, म्हणजे बाहेरचेच दाते हवेत.

मी काय केलं तर सोसायटी, शाळेतले सहकारी, माजी विद्यार्थी यांची एक यादी केली. नाव, ब्लड ग्रुप, वजन, राहतात कुठे, कुठल्या वारी मोकळे असतात, शेवटचं रक्त कधी दिलं. एसडीपी म्हणजे मशीनवर फक्त प्लेटलेट काढून घेतात आणि बाकी रक्त परत अंगात सोडतात, त्याला दीड-दोन तास लागतात, हे दात्याला आधीच सांगा नाहीतर तो ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत येतो. दात्याचं वजन ५० किलोच्या वर लागतं, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, हाताची शीर चांगली हवी. पूर्ण रक्त पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी देता येतं, पण प्लेटलेट ४८ तासांनंतरही परत देता येतात, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मेसेज लिहिताना: ब्लड ग्रुप, काय हवंय (पूर्ण रक्त का एसडीपी), हॉस्पिटल, कुठल्या तारखेपर्यंत, ब्लड बँकेची वेळ, नातेवाईकाचा नंबर त्यांना विचारून. तारीख टाकलीच पाहिजे. आणि गरज भागली की "पूर्ण झालं, पुढे पाठवू नका" हा मेसेज त्याच ग्रुपवर टाकायचा. मी एकदा तारीख टाकली नव्हती. ज्या मुलासाठी तो मेसेज होता तो गेल्यानंतर तीन महिन्यांनीही त्याच्या आईला फोन येत होते, "प्लेटलेट हवेत ना?" म्हणून. त्या माउलीने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून तारखेशिवाय एकही मेसेज माझ्या फोनवरून गेलेला नाही.

पहिल्या केमोच्या आदल्या दिवशीचा फोन

हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त थकवणारंही. ज्या बाईची उद्या पहिली केमो आहे तिला कालच त्यातून गेलेल्या बाईचा आवाज ऐकायचा असतो. हा फोन मात्र पंधरा ते एकवीस या दिवसांतच, वीस मिनिटं, दिवसाला एकच.

बोलायचं काय तर आपण स्वतः केलेलं. पुढून बटणं असलेला शर्ट घाल, डे केअरमध्ये एसी असतो म्हणून शाल ने, फाईलची झेरॉक्स वेगळी ठेव, लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते ते रक्त नाही, केस दोन-तीन आठवड्यांत जातात तर आधीच बारीक करून घे म्हणजे उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. तिची स्टेज विचारायची नाही. "काही होत नाही गं" म्हणायचं नाही, कारण होतं. औषध, काढा, पथ्य सुचवायचं नाही, "डॉक्टरांना विचार" एवढंच. बहुतेक वेळा तिला बोलायचं असतं, आपण हं म्हणत राहायचं.

कधीतरी पलीकडचा फोन बंद होतो. माझ्याशी बोलणाऱ्या दोघी गेल्या. तेव्हा मी महिनाभर कुणालाही फोन केला नाही, फक्त यादीचं काम केलं, आणि हॉस्पिटलच्या समुपदेशक मॅडमना जाऊन भेटले. तुम्हीही भेटा.

कागदपत्रं, धर्मशाळा, आणि हाताचं काम

लांबून येणाऱ्यांना माहितीच सगळ्यात कमी पडते. रेल्वेत उपचारासाठी प्रवास करताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत, त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट हॉस्पिटलमधून भरून घ्यावं लागतं. मुंबई लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर पेशंटला जाता येतं, कागद जवळ ठेवायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी उपचार सुरू व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (या योजनेच्या मदतनीसाला) भेटायचं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. हे मी एका पानावर सुवाच्य मोठ्या अक्षरात लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि ओपीडीत शेजारी बसलेल्यांना देत गेले. एवढ्या एका पानाने जेवढं काम झालं तेवढं माझ्या कुठल्याच भाषणाने झालं नसतं.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत परळचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं उतरतात. अशा कुठल्याही ठिकाणी काही द्यायचं असेल तर आधी तिथल्या ऑफिसात विचारा. जुने कपडे, मिठाई, घरून शिजवून आणलेलं जेवण हे आपल्याला सुचतं, पण काउंट कमी असलेल्या पेशंटला बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. त्यांना बऱ्याचदा साबण, थर्मामीटर, सालीची फळं, मोबाईल रिचार्ज, परतीचं तिकीट असं लागतं.

विणकाम येत असेल तर सुती टोप्या विणा, लोकर टाळूला टोचते. ब्रेस्ट काढलेल्या बायकांसाठी सुती धाग्याचा हलका विणलेला गोळा करून फुकट देणाऱ्या स्वयंसेवक बायका मुंबईतही आहेत, ब्रामध्ये घालायला सिलिकॉनपेक्षा हलका पडतो आणि उन्हाळ्यात सुखाचा. बोटं बधिर असतील तर जाड सुई घ्या, एका वेळी पंधरा मिनिटं. वेणी लांब असेल तर पहिल्या केमोच्या आधीच विगसाठी देता येते, बहुतेक ठिकाणी बारा इंच मागतात, धुऊन पूर्ण वाळवून दोन्ही टोकांना रबर लावून. मी दिली नाही, मला तेव्हा सुचलंच नाही, माझ्या भाचीने नंतर तिची दिली.

नाही म्हणायचं वाक्य

तुम्ही मदत करता हे कळलं की फोन वाढतात. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "माझा आज नववा दिवस आहे, मी सोमवारी फोन करते." लोकांना राग येत नाही, दिवसाचा हिशोब त्यांनाही कळतो. आणि स्वतःला मदत हवी असेल तर मागायची. माझ्या बाराही पॅक्लीला सोबत येणाऱ्या शेजारच्या वहिनींना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला फार संकोच वाटला होता, त्यांनी कॅलेंडर काढून गुरुवारांवर खुणा करायला घेतल्या.

सध्या मी हिंगोलीच्या एका ताईंशी बोलते, त्यांचा तिसरा केमो झालाय, त्यांनी कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आज त्यांचा सतरावा दिवस, काल गावातल्या मारुतीपर्यंत चालून आल्या म्हणाल्या, मधे पारावर दोनदा बसून. संध्याकाळी फोन करायचाय, आधी ताप विचारायचा आणि मग काउंटचा रिपोर्ट.